एका सेकंदाची पन्नास चित्रं

शिरूर अनंतपाळचे गुंडप्पा आणि कंधारचे ज्ञानोबा यांचं भांडण एकतीस वर्षं चालू होतं, आणि दोघांनी ते इतक्या निगुतीनं जपलं होतं की दोन्ही घरच्या बायकांनी त्यापुढे कधीच हात टेकले होते. भांडण होतं एका कुस्तीचं. चौऱ्याण्णव साली कंधारच्या उरुसात शेवटची कुस्ती या दोघांची लागली आणि तासभर झाला तरी निकाल लागेना. दिवस कलायला आला तसे दोघं फडाच्या पार कडेला गेले आणि एकदमच आडवे झाले. लोकांनी फेटे उडवले, हलगी घुमली, आणि त्या गलक्यात पाठ आधी कुणाची टेकली ते एकाही पंचाला दिसलं नाही. बक्षीस म्हणजे चांदीचं कडं, तेही एकच. पंचांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि फैसला दिला, की खरं काय ते कळेपर्यंत कडं सहा महिने याच्याकडे राहील आणि सहा महिने त्याच्याकडे.

कळेपर्यंत म्हणता म्हणता दोघांचे केस पिकले. दर चौदा एप्रिलला गुंडप्पा कडं रुमालात बांधून एसटीनं कंधारला न्यायचे, ज्ञानोबाच्या घरी जयंतीचं जेवण जेवायचे, मिरवणुकीत लेझीमही खेळायचे. दिवाळीच्या पाडव्याला ज्ञानोबा तेच कडं शिरूरला परत आणायचे आणि गुरम्माच्या हातच्या शेंगापोळ्या तुपात बुडवून खायचे. हात धुतले की दोघं समोरासमोर बसायचे आणि पाठ तुझीच टेकली, न्हाई तुझीच टेकली, हे सुरू व्हायचं ते एसटीची वेळ होईपर्यंत. गुंडप्पा किराणा दुकानदार, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज असा की तालुक्याला भोंग्याची गरज पडू नये. ज्ञानोबा रिटायर पोस्टमन, बोलायला मऊ, पण या एका गोष्टीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

गुंडप्पा त्यांच्या वाट्याचे सहा महिने कडं हातात मिरवायचे. ज्ञानोबा मात्र ते कपाटात ठेवायचे. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, सायकलच्या चेनमध्ये सापडली म्हणायचे, आणि कडं घालायला गेलं की तिथंच अडायचं. उजव्या हाताचं विचाराल तर तिथं पोस्टातलं घड्याळ. गुंडप्पांना चेष्टेला तेवढं पुरे होतं. हरलेल्याला कडं घालायची लाज वाटते, असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि ज्ञानोबा नुसते हसायचे.

यंदा मात्र या सुखी भांडणात बालाजी शिरला. बालाजी म्हणजे कंधारच्या तालमीचा सेक्रेटरी. तालमीची नवी इमारत झाली होती आणि एक मेला तिचं उद्घाटन होतं. काचेचं कपाट तयार होतं, त्यात ते कडं कायमचं ठेवायचं होतं, आणि खाली पितळी पाटी लावायची होती. पाटीवर नाव एकाचंच बसत होतं. बालाजीनं दोघांना फोन करून सांगितलं की एप्रिलच्या मध्यापर्यंत कोण जिंकलं ते ठरवा, नाहीतर तालमीची कमिटी ठरवील.

ही गोष्ट गुंडप्पांनी फार मनाला लावून घेतली. त्या कुस्तीनंतर सहा महिन्यांत त्यांचे वडील गेले आणि दुकान गळ्यात पडलं. लंगोट खुंटीला लागला तो पुन्हा निघाला नाही. त्यांचं नाव लिहिलेलं जगात एकच ठिकाण होतं, दुकानाच्या पाटीवर, आणि तिथंही वडिलांच्या नावाखाली बारीक अक्षरात. तेव्हा एक दिवस ते थेट लातूरला लेकीच्या दुकानात आले, एक जुनी सीडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शिवकन्या, एवढं एक काम कर माझं. माझं नाव त्या पाटीवर लागाय पायजे."

शिवकन्याचं दुकान गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर. क्लासच्या पोरांना कॉम्प्युटर जोडून देणं, बिघडलेले दुरुस्त करणं, हा तिचा धंदा. आठ वर्षांत अप्पा या दुकानात चार वेळा आले असतील, आणि चारही वेळा ‘काय डबे खोलून राहिलीस’ यापलीकडे त्यांनी चौकशी केली नव्हती. काम घेऊन ते पहिल्यांदाच आले होते. तिला एवढा आनंद झाला की तिनं समोरच्या गिऱ्हाईकाला उद्या यायला सांगितलं.

सीडी तिनं लावली आणि तिचं तोंड उतरलं. ही सीडी तिनं लहानपणी शंभरदा पाहिली होती, पण कारागिराच्या नजरेनं आज पाहत होती. कुस्तीची कॅसेट, त्या कॅसेटची दुसरी कॅसेट, आणि तिची दोन हजार पाच साली केलेली ही सीडी. दोघं पहिलवान आडवे होतात नेमकं तिथं पडद्यावर तांबडे-तपकिरी चौकोन नाचत होते. तिनं अप्पांना समजावलं की तेव्हाचा कॅमेरा एका सेकंदात पन्नास चित्रं घ्यायचा. सीडीवाल्यानं त्यातली निम्मी फेकून दिली, आणि उरलेली जागेत बसावीत म्हणून दाबून चेंदली. फेकलेलं परत येत नसतं. मूळ कॅसेट मिळाली तर मात्र ती तशीच्या तशी उतरवून घेता येईल, एक ठिपकासुद्धा न टाकता.

मूळ कॅसेट एकतीस वर्षं कुणाला सापडली नव्हती. शूटिंग केलं होतं शिरूरच्या मडिवाळप्पा फोटोग्राफरनी. ते आता ऐंशीचे, कानानं कमी. बापलेक त्यांच्या घरी गेले, शिवकन्यानं कानाशी तोंड नेऊन विचारलं, आणि म्हाताऱ्यानं आठवायला जराही न थांबता सांगून टाकलं की ती देगलूरच्या लक्ष्मम्माकडं आहे. तिच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये शेवटी फीत उरली होती, वाया कशाला घालवायची म्हणून दुसऱ्या दिवशी कुस्ती त्याच्यातच घेतली, एक नक्कल काढून ठेवली, आणि लग्नाची कॅसेट ज्याची त्याला देऊन टाकली. गुंडप्पा दोन्ही हात डोक्याला लावून बसले. एवढी वर्षं बोलला का नाहीत, असं त्यांनी ओरडून विचारलं.

"कुणी इचारलंच न्हाई," मडिवाळप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बापलेक देगलूरला. लक्ष्मम्मा पन्नाशीच्या पुढच्या, अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत बोलणाऱ्या, आणि बोलणं एकदा सुरू झालं की मध्ये श्वास न घेणाऱ्या. गुंडप्पांना दारात पाहताच त्यांनी ओळखलं. ओळखणार नाहीत तर काय! दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला त्या घरच्या सगळ्यांना बसवून कॅसेट लावायच्या, आणि त्यांची पाठवणी झाली की लगेच ही कुस्ती सुरू व्हायची. त्यांच्या पोरांना वाटायचं की सगळ्यांच्याच लग्नात शेवटी कुस्ती असते. कॅसेट त्यांनी दिली, ती चालवायचं जुनं मशीनही दिलं, वर क्रोशाचं झाकण घालून. अट एकच, की लग्नही तितकंच लख्ख करून मिळालं पाहिजे आणि ते आधी दाखवलं पाहिजे.

मशीन मिळालं याचा शिवकन्याला कॅसेटइतकाच आनंद झाला, कारण कॅसेटला त्याच मशीनची सवय होती. पण खरी शोधाशोध पुढं होती. मशीनमधून येणारं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायला एक कार्ड लागतं, चांगली कार्डं सगळी जुनी, आणि ती ज्या खाचेत बसतात ती खाच आजच्या मदरबोर्डवर नसते. कार्ड तिला नांदेडला भंगारवाल्याकडे मिळालं, पंख्याच्या जाळ्यांच्या ढिगाखाली. मदरबोर्ड मिळाला एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. जुन्या फितीचं चित्र थरथरतं, ते सरळ करायला मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर लागत होता, तो एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं माळ्यावरून काढून दिला. रॅम तिनं स्वतःच्या मशीनची काढून घातली. डिस्क तेवढी नवी कोरी घेतली, कारण असं न दाबता घेतलेलं तासाभराचं लग्न पस्तीस-चाळीस जीबी खातं, आणि डिस्क जराशी जरी अडखळली तरी मधली चित्रं गळून जातात. पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा असतो, गळलेल्या चित्रांचा. तो शून्य राहिला पाहिजे, एवढंच तिचं ध्येय होतं.

सगळं जोडून झालं त्या सकाळी गुंडप्पा हजर. नव्या वस्तूची पूजा केल्याशिवाय ती वापरायची नाही हा त्यांचा नेम होता. तराजू, फ्रीज, पिठाची गिरणी, सगळ्यांना त्यांनी विभूती लावली होती. शिवकन्या वायरी तपासत होती तोवर त्यांनी टेबलाखाली बसून कॅबिनेटची साग्रसंगीत पूजा उरकली. तिनं कॅसेट लावली. लक्ष्मम्मांच्या हळदीपर्यंत आकडा शून्य होता. मंगलाष्टकांना एक झाला, जेवणावळीला अकरा, आणि कुस्तीपर्यंत दोनशे चौदा चित्रं गळाली.

शिवकन्यानं दोन दिवस त्या मशीनशी झटापट केली. वायर बदलली, कार्ड काढून पुसून परत बसवलं, डिस्क दुसऱ्या जागी लावली. सुरुवात झकास व्हायची आणि अर्ध्या तासानं गळती लागायची. अप्पा स्टुलावर बसून असायचे, रोज सकाळी ताज्या पूजेसकट. ती बेजार झाली. आपल्याला येत नाही हे अप्पांसमोर कबूल करायची वेळ येणार, या विचारानं तिला रडू यायचं बाकी होतं.

त्यातच एक दिवस ज्ञानोबाकाकांचा फोन आला. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं, मग हळूच म्हणाले की गुंडप्पा सांगत होता ते खरं का, एका सेकंदात चित्रं असतेत तरी किती. तिनं पन्नास सांगितलं. मग काका म्हणाले, "इतकी कशाला लागतेत गं? चार-दोन कमी दावलीस तर कुणाचं काय जातं?" तिला त्याचा अर्थ लागला नाही. काकांना हरायची भीती वाटत असावी असं तिला वाटलं, आणि जरा वाईटही वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातातून एक स्क्रू निसटला आणि टेबलाखाली गेला. ती वाकली, आणि तशीच राहिली. कॅबिनेटच्या तोंडावर, जिथून पंखा हवा आत ओढतो त्या अख्ख्या जाळीवर, झेंडूचा गच्च हार. वर बेलाची पानं खोचलेली, तीही ओली. निम्म्या पाकळ्या ओढून आत गेलेल्या. बिचाऱ्या प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा नव्हती, तो तापला की दम खात होता, आणि दम खाल्ला की चित्रं गळत होती. शिवकन्या टेबलाखालीच बसून हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. गुंडप्पांना मात्र राग आला. तीस वर्षं तराजूला हार घालतो, तराजू कधी बंद पडला नाही, असं ते ठणकावून म्हणाले. शेवटी तह झाला, की पूजा होईल पण हार कॅलेंडरच्या खिळ्याला जाईल.

त्या दुपारी लक्ष्मम्मांचं लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत लागलं. वरात, हळद, अक्षता, रुसलेला कुणी मामा, पाठवणी, आणि मग कंधारचा फड. आकडा शून्य. कॅसेट संपली तरी शून्य. शिवकन्यानं टेबलावर हात आपटला आणि शेजारच्या मोबाईलवाल्याला हाक मारून तो आकडा दाखवला. त्याला काही कळलं नाही, पण तिला कुणाला तरी दाखवायचंच होतं.

अप्पा गोलाईत भजी आणायला गेले होते. ती एकटीच होती. तिनं ती शेवटची दोन सेकंदं घेतली, एकात एक गुंफलेली चित्रं सुटी केली, आणि शंभर चित्रं ओळीनं मांडली. अंगाला चिकटलेली तांबडी माती दिसत होती. हवेतल्या एका फेट्याचा पीळ दिसत होता. ती एकेक पुढे सरकवत गेली. एकसष्टाव्या चित्रात ज्ञानोबाकाकांची पाठ मातीला टेकली. अप्पांचे खांदे अजून वर होते. ते टेकले त्रेसष्टाव्या चित्रात. अप्पा जिंकले होते, दोन चित्रांनी का होईना, पण जिंकले होते! तिनं फोन उचलला, आणि लावता लावता सहज चार चित्रं मागं गेली.

मागं गेली आणि फोन खाली ठेवला. तिला काकांच्या फोनचा अर्थ आता लागला.

आता काय करावं तिला सुचेना. एकसष्ट आणि त्रेसष्ट, ही दोन चित्रं दाखवली की काम झालं असतं. अप्पांना पाटी हवी होती. काकांनीही तेच सुचवलं होतं. खोटं काहीच नव्हतं त्यात, फक्त त्यांच्या आधीची चार-पाच चित्रं दाखवायची नव्हती. पण इतके दिवस ती ज्या शून्यासाठी झगडली ते शून्य म्हणजे हेच तर होतं, काही गाळायचं नाही. अप्पा भजी घेऊन आले, तिचं तोंड पाहिलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, हरलो का. रविवारी सगळ्यांसमोर बघू, एवढंच ती म्हणाली. त्यांनी भजी तशीच ठेवून दिली, आणि समोरची भजी सोडणारे ते नव्हते.

रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली केलं. गुंडप्पा आणि गुरम्मा, ज्ञानोबा आणि त्यांच्या सुमनबाई, तालमीचा बालाजी, मडिवाळप्पा, आणि लक्ष्मम्मा जरीच्या साडीत. ठरल्याप्रमाणे लग्न आधी. दोन पहिलवानांच्या एकतीस वर्षांच्या निकालाची मंडळी वाट बघत असताना लक्ष्मम्मांनी अख्खं लग्न दाखवायला लावलं, आणि जेवणावळीत कोण कोण वारलं ते थांबवून थांबवून सांगितलं. मडिवाळप्पा मधूनच स्वतःच्या शूटिंगला दाद देत होते. गुंडप्पांचा पाय सारखा हलत होता.

शेवटी फड आला. दोन तरणेबांड गडी मातीत भिडले आणि सुमनबाई नकळत म्हणून गेल्या की किती देखणे होते हो हे. गुरम्मा हसल्या. शिवकन्यानं चित्र थांबवलं आणि आता एकेक पुढं नेते म्हणाली. ज्ञानोबा खुर्चीतून उठले, आधी चहा घेऊ म्हणाले. तिनं त्यांच्याकडं बघितलं.

"काका, मी एकबी सोडणार न्हाई," ती म्हणाली. ज्ञानोबा परत बसले.

चित्रं सरकू लागली. छप्पन, सत्तावन्न, अठ्ठावन्न. एकसष्टला बालाजी उभा राहिला. ज्ञानोबांची पाठ जमिनीला सपाट, गुंडप्पांचे खांदे वर, शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बालाजीनं तिथल्या तिथं जाहीर केलं की गुंडप्पा विजयी. गुंडप्पांनी जी आरोळी दिली ती गोलाईपर्यंत गेली असावी. गुरम्मांनी पदर डोळ्यांना लावला. ज्ञानोबांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचं नाव नव्हतं.

पण गुंडप्पा कितीही झालं तरी पहिलवान होते. आरोळी अर्ध्यात थांबली. ते पडद्याजवळ गेले आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"मागं घे," ते म्हणाले. "ह्याचा डावा हात जमिनीला टेकलेला होता. त्या हातावर ह्यो अजून पाच मिनिटं तगला असता. हात काढला कामून ह्यानं?"

शिवकन्यानं मागं घेतलं. सत्तावन्न, ज्ञानोबांचा डावा पंजा मातीत घट्ट रोवलेला, पाठ चांगली वीतभर वर. अठ्ठावन्न, पंजा हवेत. एकोणसाठ, पंजा पुढं गेलेला. साठ. फडाच्या दोराला ताणून धरणारी लोखंडी मेख जमिनीतून वर आलेली, गुंडप्पांचं डोकं सरळ तिच्यावर चाललेलं, आणि मेख आणि डोकं यांच्यामध्ये ज्ञानोबांचा पंजा. टेकू काढून घेतलेला हात. एकसष्टला त्यांची पाठ टेकली. एकसष्टलाच करंगळी मेखेवर उलटी वळलेली दिसत होती.

गुंडप्पा ज्ञानोबांसमोर गेले, त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ती वाकडी करंगळी बघत उभे राहिले. ही करंगळी त्यांनी एकतीस वर्षं चेष्टेला घेतली होती.

"सायकलची चेन म्हणालास," ते म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता.

ज्ञानोबांना अवघडल्यासारखं झालं. "तवा सांगून काय करायचं होतं? जिकल्याचा आनंद गेला असता तुझा."

"मग हरलो म्हणायचं की सरळ. इतकी वर्षं भांडत कामून राहिलास?"

"हरलो म्हणलो असतो तर कडं कायमचं शिरूरला गेलं असतं," ज्ञानोबा म्हणाले. "मग तू कशाला आला असतास कंधारला?"

गुंडप्पांना रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, जसं ते सगळंच करायचे तसं. ज्ञानोबाही रडले, मग दोघांना एकदमच हसू आलं, आणि लक्ष्मम्मा म्हणाल्या की अय्यो, हे मी दर वर्षी बघत होते आणि मला कधी दिसलं नाही. शिवकन्या माउस धरून बसली होती. अप्पा तिच्याजवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की त्या डब्याला मी उगं हार घातला न्हवता. तिला हसावं की रडावं कळेना.

इथं गोष्ट मिटायला हवी होती, पण खरी अडचण इथूनच सुरू झाली. बालाजीनं पाटीसाठी नाव विचारलं. गुंडप्पा म्हणाले ज्ञानोबाचं लिही. ज्ञानोबा म्हणाले पाठ माझी आधी टेकली, पुरावा समोर आहे, गुंडप्पाचं लिही. गुंडप्पा म्हणाले ज्यानं टेकू सोडून माझं डोकं वाचवलं त्याला हरलेला म्हणायला मला वेड लागलेलं नाही. ज्ञानोबा म्हणाले कुस्तीत पाठ बघतात, हात बघत नाहीत. आवाज चढले. एकतीस वर्षांचं भांडण तसंच्या तसं पुन्हा उभं राहिलं, फक्त बाजू पालटून. सुमनबाईंनी गुरम्मांकडं बघितलं आणि दोघींनी एकमेकींना टाळी दिली. बालाजी शेवटी हात जोडून बाहेर निघून गेला.

एक मेला तालमीचं उद्घाटन झालं. काचेच्या कपाटात कडं नव्हतं. तिथं शिवकन्यानं मोठं करून दिलेलं साठावं चित्र लावलं होतं, आणि पितळी पाटीवर दोन्ही नावं बसवण्यासाठी बालाजीला अक्षरं बारीक करावी लागली होती. गुंडप्पांनी ती पाटी बोट फिरवून तीनदा वाचली. नव्या पोरांना लंगोट बांधायच्या आधी ते चित्र दाखवायचं, असा वस्तादांनी नेम केला.

कडं कुठं होतं म्हणाल, तर ते चौदा एप्रिललाच कंधारला पोचलं होतं. निघायच्या आधी गुंडप्पांनी ते लातूरच्या एका सराफाकडून जरा वाढवून घेतलं होतं, कुणाला न विचारता. ज्ञानोबांच्या घरी जेवणं झाल्यावर त्यांनी ते स्वतःच्या हातानं ज्ञानोबांच्या डाव्या हातात घातलं. करंगळीशी जरा थांबलं, मग हळूच वर सरकलं. ज्ञानोबा मिरवणुकीत तो हात उंच धरून चालले. आता हे तुझंच, परत आणायचं न्हाई, असं गुंडप्पांनी शपथ घालून सांगितलं.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी अकराच्या एसटीनं ज्ञानोबा शिरूरला उतरले. शिवकन्या माहेरी आलेलीच होती, तिनंच दार उघडलं. काकांनी चप्पल काढली, आत येऊन बसले, आणि खिशातून रुमाल काढून गाठ सोडली. तुझं हाय, घे म्हणाले. गुंडप्पांनी कडं हातात घालून दाखवलं. ते मनगटावरून घसरून सरळ कोपरापर्यंत गेलं.

"बघ," गुंडप्पा म्हणाले. "माझ्या हातात सैल व्हायलंय. तुझंच हाय म्हणून सांगितलं होतं का न्हाई?"

"सैल व्हायलंय तर दोन पोळ्या जास्त खा," ज्ञानोबा म्हणाले, आणि गुरम्मांनी मांडलेल्या पाटावर जाऊन बसले.